लाँसला मॅच बघायला जायचं असेल तर

लाँस हे गाव केवढं? लोकवस्ती ३२ हजारांच्या आसपास, आणि गावच्या स्टेडियममध्ये खुर्च्या ३८ हजारांहून जास्त. म्हणजे तान्ह्या बाळांसकट अख्खं गाव उचलून आत बसवलं तरी काही हजार जागा उरतील. एवढं असून तिकीट मिळायची मारामार. पॅरिसला जाऊन फुटबॉल बघायचा म्हटलं की सगळे पार्क दे प्रँस या पॅरिसच्या क्लबच्या मैदानाकडे धावतात. त्यांनी एक शनिवार-रविवार काढून उत्तरेला, या कोळशाच्या मुलखात जावं असं माझं प्रामाणिक मत आहे. आम्ही गेलो ते २५ ऑक्टोबर २०२५ च्या मॅचला. रेसिंग क्लब दे लाँस विरुद्ध मार्सेय.

आधी तारखेचं सांगतो, कारण लोक तिथेच फसतात. फ्रेंच लीगचं वेळापत्रक उन्हाळ्यात लागतं, पण त्यात फक्त आठवडाअखेर दिलेला असतो. मॅच शुक्रवारी, शनिवारी की रविवारी आणि किती वाजता, हे टीव्हीच्या सोयीने काही आठवडे आधी ठरतं. तोवर परत न होणारं रेल्वे तिकीट काढू नका. व्हिसाचे कागद आधीच लावलेले बरे, पण हॉटेल रद्द करता येईल असंच घ्या. तिकीट क्लबच्याच साइटवरून काढायचं. बऱ्याच जागा वर्षभराचा पास काढणाऱ्यांकडे असतात आणि मोठ्या मॅचला उरलेल्या झटकन संपतात. पण पासवाल्यांना जमणार नसेल तर ते आपली जागा क्लबच्या अधिकृत पुनर्विक्रीत टाकतात. शेवटच्या आठवड्यात तिथे रोज डोकावत राहा. आमची सोय तशीच झाली. बाहेरच्या दलालांच्या साइटवर जाऊ नका.

पॅरिसच्या गार द्यू नॉरवरून थेट टीजीव्हीने, म्हणजे अतिवेगवान रेल्वेने, सव्वा तासाच्या आत लाँस येतं. थेट गाड्या मोजक्याच आहेत. मधल्या वेळी आरासला उतरून लोकल पकडायची. लीलहूनही लोकल आहेत. माझा मावसभाऊ लीलला शिकतो, तो तिकडून आला. आदल्या रात्री त्याचा फोन, "दादा, तुझं ते आकाशी जॅकेट घरीच ठेव. आकाशी म्हणजे मार्सेय!" लाँसच्या रंगांचं, म्हणजे लाल किंवा पिवळं, काही नसेल तर काळं घाला, कुणी वळून बघत नाही.

उतरल्यावर स्टेशनकडे पाठ फिरवून लगेच चालू लागू नका. ते १९२७ चं आहे आणि आडव्या वाफेच्या इंजिनाच्या आकारात बांधलंय. घड्याळाचा मनोरा म्हणजे धुराडं. पहिल्या महायुद्धात लाँस जवळजवळ जमीनदोस्त झालं, त्यामुळे गावात जुनं म्हणावं असं फार काही नाही. जे आहे ते विसाव्या शतकातलं आणि बहुतेक खाणींच्या पैशांतून उभं राहिलेलं.

सकाळ लूव्र-लाँससाठी ठेवा. हो, पॅरिसच्या लूव्रचीच शाखा. डिसेंबर २०१२ मध्ये उघडली, आणि ती ज्या जमिनीवर आहे तिथे पूर्वी नऊ नंबरची खाण होती. १२० मीटर लांबीचं एकच दालन, मध्ये भिंत नाही, आणि त्यात हजारो वर्षांची कला काळाच्या ओळीने मांडलेली. या दालनाला तिकीट नाही. मंगळवारी बंद असतं. स्टेशनवरून जाणारी मोफत बस आहे, पण चालत गेलात तर वाटेत विटांची बैठी घरं लागतात. एकाला एक चिकटलेली, एकसारखी, मागे भाजीपाल्याचा तुकडा. या वसाहतींना कोरों म्हणतात. मला आपलं गिरणगाव आठवलं. फरक एवढाच की ही चाळ उभी न चढता आडवी पसरलीय. घर कंपनीचं, दवाखाना कंपनीचा, शाळा कंपनीची. पुढे क्लबही कंपनीचाच झाला.

सुरुवात मात्र कंपनीने केली नव्हती. १९०६ मध्ये गावातल्या काही पोरांनी क्लब काढला. त्याच वर्षी १० मार्चला जवळच्या कुरिएर कंपनीच्या खाणींत स्फोट होऊन १,०९९ माणसं मेली होती. युरोपातला तो सर्वात मोठा खाण अपघात. त्या खाणींच्या गावांच्या पाट्या आजही लाँसच्या शेजारी दिसतात. क्लबचे लाल-पिवळे रंग नंतरचे, १९२० च्या दशकातले. त्यामागे स्पॅनिश राजवटीच्या झेंड्याची एक गोष्ट सांगतात. लोक मात्र त्या रंगांना 'रक्त आणि सोनं' म्हणतात, आणि कोळशाला इथे काळं सोनं म्हणत असल्यामुळे ते नाव चिकटलं ते चिकटलंच.

स्टेडियम १९३३ चं. मंदीत काम गेलेल्या खाणकामगारांच्या हातून खाण कंपनीने ते बांधून घेतलं आणि कंपनीच्या फेलिक्स बोलार या अधिकाऱ्याचं नाव दिलं. पुढच्याच वर्षी क्लब व्यावसायिक झाला. दिवसा खाणीत आणि रविवारी मैदानावर, अशी माणसं संघात असायची. त्यात पोलंडहून आलेल्या कुटुंबांतली पोरं पुष्कळ. युद्धानंतर खाणींचं राष्ट्रीयीकरण झालं, आणि साठीच्या दशकात कोळसा परवडेनासा झाल्यावर सरकारी खाण मंडळाने हात काढून घेतला. १९६९ मध्ये क्लबने व्यावसायिक दर्जाच सोडला. संपल्यात जमा होता. तेव्हा महापौर आंद्रे दलेलिस यांनी नगरपालिकेला पुढे केलं. १९७३ मध्ये क्लब पहिल्या श्रेणीत परतला, १९७७ मध्ये लीगमध्ये दुसरा आला आणि त्याच वर्षी युएफा कप या युरोपीय स्पर्धेत इटलीच्या लाझिओकडे बाहेर ०-२ हरल्यावर घरी त्यांना जादा वेळेत ६-० धुतलं. २०१२ मध्ये दलेलिस गेले, तेव्हापासून स्टेडियमच्या नावात बोलारच्या शेजारी त्यांचं नाव आहे. कंपनीच्या अधिकाऱ्याशेजारी महापौर. क्लब कुणामुळे जगला ते या एका पाटीवर वाचता येतं.

दुपारी जमलं तर लुस-अँ-गोएलच्या जोड-डोंगरावर चढा. डोंगर म्हणजे खाणीतून काढून टाकलेल्या दगडमातीचा ढीग, तेरिल. अशा ढिगांत हे युरोपातले सर्वात उंच समजतात. माथा समुद्रसपाटीपासून १८६ मीटर. सिंहगड चढणाऱ्यांना ही चढण काहीच नाही, पण काळी खडी पायाखालून सरकते आणि माथ्यावर वारा कान कापतो. स्पोर्ट्स शूज चालतील, चपला नाहीत. पाऊस झाला असेल तर सोडून द्या. माथ्यावरून लूव्रची चपटी इमारत, स्टेडियम आणि कोरोंच्या रांगा एका नजरेत येतात. खाणपट्ट्याला २०१२ पासून युनेस्कोचा दर्जा आहे. शेवटची खाण १९९० मध्ये बंद झाली.

खाण्याचं. स्टेडियमभोवती फ्रिट्सच्या, म्हणजे तळलेल्या बटाट्यांच्या, गाड्या लागतात आणि त्यांचा वास दुरूनच येतो. शाकाहारी मंडळींनी एक विचारून घ्यावं: इकडे बटाटे पुष्कळदा गाईच्या चरबीत तळतात. 'विल व्हेजेताल?' एवढं विचारलं की कळतं. खाणाऱ्यांसाठी कार्बोनाद, म्हणजे बिअरमध्ये तासन्‌तास शिजवलेलं बीफ, आणि मारवाल नावाचं चीज, ज्याचा वास चवीपेक्षा फार पुढे चालतो. स्टेडियमच्या आत मिळणारी बिअर बहुधा बिनअल्कोहोलची, त्यासाठी रांग लावू नका.

गेटवर तिकीट फोनवरच दाखवायचं, सोबत पासपोर्ट ठेवा. मोठी सॅक आत नेऊ देत नाहीत, ती हॉटेलवरच ठेवा. बसायचं कुठे? बहुतेक मैदानांत कट्टर समर्थक गोलच्या मागे असतात, इथे ते मैदानाच्या लांब बाजूला, मारेक स्टँडच्या मध्यभागी असतात. म्हणून समोरच्या दलाकूर स्टँडमध्ये जागा घ्या. मॅच आणि मारेक, दोन्ही समोर. मारेकच्या मध्यातच तिकीट मिळालं तर पूर्ण ९० मिनिटं उभं राहायची आणि ओरडायची तयारी हवी. चारही स्टँड मैदानाला अगदी खेटून आहेत. १९९८ च्या विश्वचषकात लोराँ ब्लाँने पॅराग्वेविरुद्ध विश्वचषकाच्या इतिहासातला पहिला गोल्डन गोल, म्हणजे जादा वेळेत पडताच मॅच संपवणारा गोल, मारला तो इथेच.

मार्सेयने आधी गोल केला, मेसन ग्रीनवुडचा. क्षणभर वाटलं, गेली मॅच. पण आवाज कमी होण्याऐवजी वाढला. थोड्याच वेळात ओडसन एदुआरने पेनल्टीवर बरोबरी साधली. मध्यंतरात एकच सूचना पाळा, दुसरा अर्धा सुरू होण्याआधी जागेवर या. खेळाडू परत येताना सगळं स्टेडियम स्कार्फ ताणून खाणकामगारांच्या वसाहतीवरचं एक जुनं गाणं म्हणतं. आजोबा, नातू, सुरक्षा रक्षकसुद्धा. शब्द कळत नसतील तरी उभे राहा. त्यानंतर मार्सेयच्या बेंजामिन पाव्हारचा स्वयंगोल झाला आणि २-१. शेवटची २० मिनिटं बघण्यासारखा फुटबॉल नव्हता, लाँसने सरळ दार लावून घेतलं. शेजारच्या काकूंना ते मुळीच खटकलं नाही.

लाँसचा एकमेव लीग किताब १९९८ चा. प्रशिक्षक दानिएल लक्लेर. शेवटच्या दिवशी ओसेरला १-१, योआन लाशोरचा गोल, लाँस आणि मेट्झ दोघांचे ६८ गुण आणि गोलफरकाने लाँस. २००२ मध्ये शेवटच्या दिवशी लियाँकडे हरून दुसरा किताब हुकला. मग उतार. २००८, २०११, २०१५ अशी तीनदा खालच्या श्रेणीत घसरगुंडी. मधल्या काळात आलेल्या एका परदेशी गुंतवणूकदाराचे पैसे आटले, आणि २०१४-१५ चा हंगाम तर डागडुजीमुळे अमियाँला भाड्याच्या मैदानात काढावा लागला. २०१६ मध्ये जोसेफ उगुर्लियान यांनी सूत्रं घेतली. २०२० ला वर आले, सलग दोनदा सातवे, आणि २०२२-२३ मध्ये फ्रांक एझ यांच्या हाताखाली ८४ गुणांनी दुसरे. पॅरिसचे ८५! त्या हंगामात घरी एकच पराभव. ऑक्टोबर २०२३ मध्ये चॅम्पियन्स लीगला आर्सेनलला इथे २-१ हरवलं. परतीच्या मॅचला आर्सेनलने सहा घातले, तेही सांगायला हवं.

हा क्लब चालतो तो विकून. अब्दुकोदिर खुसानोव्ह या उझबेक पोराला बेलारूसहून अगदी स्वस्तात आणला आणि जानेवारी २०२५ मध्ये मँचेस्टर सिटीला सुमारे ४ कोटी युरोंना दिला. त्या उन्हाळ्यात आँदी दियुफ इटलीच्या इंटरला, एल आयनावी तिथल्याच रोमाला, फाकुंदो मेदिना चक्क मार्सेयला. निम्मा संघ गेला म्हणून लोक हळहळत होते. मग आले प्रशिक्षक पिएर साज, आणि ३२ वर्षांचा फ्लोरियाँ तोवाँ, २०१८ च्या जगज्जेत्या संघातला आणि एकेकाळचा मार्सेयचाच लाडका. सप्टेंबरमध्ये लीलला ३-०, ऑक्टोबरमध्ये मार्सेय, आणि डिसेंबरच्या सुट्टीला जाताना तक्त्यात सगळ्यांत वर लाँस. माझ्या मते यामागे कुणी एक तारा नाही. बाजारात दुसऱ्यांना न दिसणारा माणूस शोधणारी नजर आहे, आणि विकून आलेला पैसा उधळायचा नाही ही शिस्त.

रात्री ९ ची मॅच ११ च्या पुढे सुटते, तोवर पॅरिसची शेवटची गाडी गेलेली असते. मुक्काम लाँसलाच करा. हॉटेलं थोडी आहेत, मॅचची वेळ जाहीर झाली त्याच दिवशी खोली घ्या. नाही मिळाली तर आरास किंवा लील, पण मग परतीचं वाहन आधी ठरवा, कारण गर्दीत टॅक्सी मिळत नाही. आमच्या रात्री युरोपातली हिवाळी वेळ सुरू होऊन घड्याळं एक तास मागे गेली, एक तास झोप फुकट.

रविवारी मोटारीने २५ किलोमीटरवरच्या नव शापेलला जाऊन या. पहिल्या महायुद्धात इथल्या आघाडीवर पडलेल्या आणि थडगंही न मिळालेल्या ४,७०० हून अधिक भारतीय सैनिकांचं तिथे स्मारक आहे, १९२७ चं. खडकीच्या तिसऱ्या सॅपर्स अँड मायनर्सच्या, म्हणजे लष्करी अभियंत्यांच्या पलटणीच्या, विसाव्या आणि एकविसाव्या कंपन्या २८ ऑक्टोबर १९१४ ला याच गावासाठी लढल्या आणि फार थोडे परत आले. त्यात मराठे होते, शीख होते, मुसलमान होते. पुण्याच्या माणसाने इतक्या जवळ येऊन हे चुकवू नये. सोयीची बस नाही, जवळपास चहाही नाही, पाणी-खाणं सोबत घ्या. परतताना लाँसला यायची गरज नाही, बेतुनला मोटार सोडून तिथूनच पॅरिसची टीजीव्ही पकडा. फक्त रविवारी गाड्या भरलेल्या असतात, जागा आधी राखून ठेवा.