आधी रेकॉर्डी दाखवा

महिन्यातून चार-पाचदा तरी हा प्रश्न येतो. कधी दुकानाच्या पायरीवर, कधी लग्नाच्या पंगतीत. एकदा तर दाताच्या डॉक्टरांनी माझा जबडा उघडा धरून विचारला होता: "घरी आजोबांचा जुना रेकॉर्डप्लेअर पडलाय. दुरुस्त करावा, की सरळ नवा घ्यावा?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. मी उलट विचारतो, रेकॉर्डी कुठल्या आहेत? इथे बहुतेकांची गाडी अडते. प्लेअरचे आठ बाजूंनी काढलेले फोटो मोबाईलमध्ये तयार असतात, रेकॉर्डी मात्र माळ्यावर, नाहीतर "आईने कुणाला तरी देऊन टाकल्या वाटतं."

ठाण्यात नौपाड्यातलं आमचं दुकान म्हणजे दहा बाय बाराचा गाळा. बाबांनी रेडिओ दुरुस्तीसाठी घेतला. मी टेप केले, डेक केले, सीडी प्लेअर केले आणि आता पुन्हा टर्नटेबल. गिऱ्हाइकांना यात फार गंमत वाटते. मधली दहा वर्षं मी मिक्सर आणि इन्व्हर्टर उघडून काढली, त्याबद्दल कुणी विचारत नाही.

तर, रेकॉर्डी आधी का? ७८ची, म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्या घेणारी जुनी तबकडी असते लाखेची. तिची खाच रुंद. तिला लागणाऱ्या पिनचं टोक साधारण ७५ मायक्रॉनचं. १९४८मध्ये कोलंबिया कंपनीने अमेरिकेत विनाइलची एलपी आणली, तिची खाच इतकी बारीक की पिन १८ मायक्रॉनच्या आसपास लागते. एलपीची पिन ७८वर ठेवलीत तर ती खाचेच्या तळाशी बसून नुसता कचरा वाचते. ७८ची पिन एलपीवर ठेवलीत तर एलपी गेली. शिवाय आजचे बहुतेक नवे प्लेअर मिनिटाला ३३ आणि ४५ फेऱ्या एवढेच फिरतात. म्हणजे तुमच्या ट्रंकेत बालगंधर्वांच्या पदांच्या लाखेच्या तबकड्या असतील, तर चकचकीत नवं यंत्र आणून तुम्ही फक्त शोकेस सजवणार. आणि घरात सगळ्या एलपीच असतील, तर आजोबांच्या जड आर्मखाली, म्हणजे पिन धरणाऱ्या दांड्याखाली, त्या घालायला माझा हात धजत नाही.

तबकड्या पुसायची घाईही नको. ही अक्कल मला फुकट आलेली नाही. विशीत असताना बाबांची एक ७८ची रेकॉर्ड मी स्पिरिटने पुसली, कारण एलपी मी स्पिरिटनेच पुसत असे. कापसाचा बोळा काळा झाला. मला वाटलं, किती मळ निघतोय! अजून जोर लावला. लाख स्पिरिटमध्ये विरघळते, हे बाबांनी संध्याकाळी सांगितलं. ओरडले नाहीत. ती रेकॉर्ड त्यांनी दुकानातल्या खिळ्याला टांगून ठेवली. अजून तिथेच आहे.

जुन्या यंत्रांपैकी आमच्याकडे सगळ्यात जास्त येतो तो एचएमव्हीचा फिएस्टा किंवा त्याच्यासारखा सुटकेसवाला. त्यातल्या मोटरला सहसा काही झालेलं नसतं. जातं ते बाकीचं. ग्रीसचं मेण होतं, म्हणून ताट जड फिरतं. रबरी चाक वीस वर्षं एकाच जागी दाबून राहिलं की त्याला खळगा पडतो आणि गाण्याखाली ठक-ठक ऐकू येते. जुनं क्रिस्टल कार्ट्रिज, म्हणजे पिन बसते तो आवाज उचलणारा भाग, तर ठाण्याच्या पावसाळ्यापुढे टिकतच नाही. आतला क्षार ओल धरतो आणि आवाज दर वर्षी थोडा थोडा बसत जातो. लोकांना वाटतं, स्पीकर गेला. ग्रीस मी रॉकेलने धुतो, चाकाला नवं रबर चढवून घासतो, कार्ट्रिज बदलतो. मग आर्मचं वजन. पूर्वी यासाठी शेजारच्या सोनाराचा काटा मागून आणायचो. पाच-सात ग्रॅमने रेकॉर्ड दाबणारे आर्म त्या काट्यावर पाहिले, की सोनारच हळहळायचा. बऱ्या टर्नटेबलला दोन ग्रॅमच्या आसपास पुरतात.

पण सगळ्यात जास्त डोकं खातो तो अमेरिकेहून आलेला.

मागच्या वर्षी घोडबंदर रोडवरून एक मुलगा आला. मामाने न्यू जर्सीहून बेल्टवाला टर्नटेबल दिलेला. पठ्ठ्याने ११०चा ट्रान्सफॉर्मर लावला होता, वायरी नीट होत्या, आर्मचं वजनही बरोबर. तक्रार आजीची. त्या सोबतच आल्या होत्या, हातात कापडी पिशवी, पिशवीत एलपी. स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "या बुवांची पट्टी काळी एक. मी लग्नाआधीपासून ही रेकॉर्ड ऐकतेय. या यंत्रावर ते काळी पाचच्याही खाली गातात. दम लागल्यासारखे." नातू म्हणाला, "आजी, जुन्या रेकॉर्डी अशाच वाजतात गं."

मी म्हटलं, "काकू, तुमचा कान बरोबर आहे."

ट्रान्सफॉर्मर व्होल्ट उतरवतो, फ्रिक्वेन्सी नाही. तिकडची वीज ६० हर्ट्झची, आपली ५०. साध्या एसी मोटरचा वेग त्या आकड्यावरच चालतो. म्हणजे सहातला एक हिस्सा वेग गेला. मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांऐवजी जेमतेम २७.८. तेवढ्याने सूर तीन पट्ट्यांहून जरा जास्तच उतरतो. आजींनी हे पेटीशिवाय ओळखलं होतं.

उपाय एकच, मोटरवरची पुली सव्वाच्या जरा आत, म्हणजे १.२ पट मोठी करायची. जुनी कॅलिपरमध्ये धरली तर १० मिलिमीटर. वागळे इस्टेटमधला आमचा लेथवाला पितळेची करून देतो. त्याला म्हटलं, १२ची काढ. काढली, बसवली, ताटावर स्ट्रोबची चकती ठेवली आणि कोपऱ्यातली चोकवाली ट्यूब लावली. ती ट्यूब मी एवढ्याचसाठी ठेवली आहे. ५० हर्ट्झवर ती सेकंदाला शंभरदा लुकलुकते. चकतीवर १८० रेघा असतात, वेग बरोबर असेल तर त्या जागच्या जागी थिजल्यासारख्या दिसतात. एलईडीच्या उजेडात बहुधा हा खेळ होत नाही. तर रेघा थिजल्या नाहीत. सेकंदाला एक रेघ या हिशेबाने मागे सरकत राहिल्या. शंभरात एक, म्हणजे एक टक्का कमी.

चूक माझी होती. बेल्टची जाडी धरायची राहिली. बेल्ट ०.६ मिलिमीटरचा, म्हणजे धरायचा व्यास १०.६. त्याला १.२ने गुणलं की १२.७२, त्यातून बेल्ट वजा केला की पुली १२.१२ची. लेथवाला म्हणाला, "साहेब, हे पॉइंट बारा आधी सांगायचं होतं. मोठ्याची लहान करता येते, लहानाची मोठी नाही." दुसऱ्या पितळेचे पैसे मी दिले.

नव्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. आर्मच्या मागे फिरवायचं वजन आहे का आणि पिन निघून नवी बसते का, एवढं बघा. दोन्ही नसेल तर रंग कितीही गोड असो, सोडून द्या. मॅग्नेटवाल्या कार्ट्रिजचा आवाज जेमतेम काही मिलिव्होल्टचा असतो, त्याला फोनो प्रीअॅम्प, म्हणजे तो आवाज वाढवणारं सर्किट लागतं. ते आत आहे की वेगळं घ्यायचं, हे पैसे देण्याआधी विचारा. बजेट असेल तर टेक्निक्स कंपनीचा १२०० नावाचा टर्नटेबल. तो १९७२पासूनचा, २०१०ला बंद झाला, २०१६ला परत आला. त्याला बेल्टच नाही, त्यामुळे माझा धंदाही नाही.

आणि दुकानात याल तेव्हा रेकॉर्डी पिशवीत उभ्या धरून आणा. एकीवर एक रचून रिक्षाच्या मागे टाकू नका, खाली एखादी लाखेची असली तर ठाण्याचे खड्डे तिचे दोन तुकडे करतात. पुसून आणू नका. प्लेअर आणलात तर आर्म सुतळीने बांधा, सेलोटेपने नको. शुक्रवारी पुलीचं काम होत नाही, लेथवाल्याची सुट्टी असते.