बुर्गोसची थंडी, तीन ॲडॅप्टर आणि आईंच्या चपात्या

आधी गेल्या वर्षीची फजिती सांगते, म्हणजे गाडीतल्या गॅसवर यंदा खर्च का केला ते कळेल. फेब्रुवारीत आमची मोटरहोम, म्हणजे आत झोपायची-रांधायची सोय असलेली गाडी, घेऊन इंग्लंडातल्या पोर्ट्समथहून बोटीने उत्तर स्पेनच्या सांतांदेर बंदरात उतरलो आणि पहिला मुक्काम बुर्गोसला केला. स्पेन म्हणजे ऊन, एवढंच डोक्यात होतं. बुर्गोस साडेआठशे मीटर उंचीवर आहे हे नकाशात कुणी पाहतं का? पहाटे साडेचारला गाडीतल्या गॅसच्या हीटरवर लाल दिवा लुकलुकायला लागला. बाहेर उणे पाच. नवऱ्याने कुडकुडत गॅसची बाटली (आपला सिलिंडर) हलवून पाहिली तर चांगली जड, अर्ध्याहून जास्त भरलेली. शेगडी पेटवली तर निळी कड दिसली न दिसली आणि विझली.

बाटली निळी होती, म्हणजे ब्यूटेनची. इंग्लंडात निळी ब्यूटेन आणि लाल प्रोपेन. उन्हाळ्यात घेतली होती, तीच पुढे चालवली. ब्यूटेन उणे अर्ध्या अंशाला उकळतो. त्याखाली तो बाटलीत द्रवरूपात नुसता पडून राहतो, वायू होऊन वर येतच नाही. प्रोपेनचा हाच आकडा उणे 42 आहे. शाळेत रसायनशास्त्र शिकलेली दोन माणसं त्या रात्री रजया पांघरून बसून होती, आणि हे उत्तर सकाळी चहा मिळाल्यावर सुचलं. तोही कॅफेतला चहा, गाडीतला नव्हे.

पुढचा शोध आणखी महागात पडला: इंग्लंडातली बाटली स्पेनमध्ये बदलून मिळत नाही. प्रत्येक देशात बाटली वेगळी, रेग्युलेटर वेगळा. स्पेनमध्ये घरोघरी साडेबारा किलोची नारिंगी बाटली असते आणि ती देणारा माणूस खांद्यावर घेऊन जिने चढतो. अगदी आपल्याकडचं दृश्य. पण ती घ्यायची तर कंपनीशी करार करावा लागतो, आणि वाटसरूला तो कोण देणार? कॅम्पिंगाझ कंपनीची पावणेतीन किलोची छोटी निळी बाटली मात्र युरोपात बहुतेक ठिकाणी बदलून मिळते. ती घेतली. महाग पडते, आणि आतला गॅस पुन्हा ब्यूटेनच.

म्हणून यंदा भरता येणाऱ्या बाटल्या बसवल्या. म्हणजे गाडीच्या बाजूला पेट्रोलच्या टोपणासारखं एक टोपण, त्यातून नळी लॉकरमधल्या, म्हणजे गॅसच्या कप्प्यातल्या, बाटल्यांपर्यंत, आणि एलपीजीवर गाड्या चालतात त्याच ऑटोगॅसच्या पंपावर आपण आपला गॅस भरायचा. इंग्लंडातला ऑटोगॅस जवळजवळ सगळा प्रोपेनच असतो.

आता निवडीबद्दल. दुकानात गेलात की विक्रेता बाटलीबद्दलच बोलतो: पोलादी की फायबरची, 6 किलो की 11. फायबरची बाटली हलकी असते, आत गॅस कुठवर आहे ते उजेडात दिसतं, मोह होतो. पण ती बाटली काढून, पंपाशी नेऊन, तिच्याच तोंडातून भरायची असेल तर विचार करा. सुटी बाटली हातात दिसली की बरेच पंपवाले नकार देतात, आणि त्यांचंही चुकत नाही. गाडीला बाहेरून पक्कं टोपण असेल तर सहसा कुणी विचारत नाही. तेव्हा आधी टोपण ठरवा, बाटली नंतर. टोपण कुठे बसवणार तेही विचारा. आमचं डाव्या बाजूला, गुडघ्याच्या उंचीवर आहे. चाकामागे नको, चिखल उडतो.

दुसरी न सोडायची गोष्ट म्हणजे बाटलीच्या आतला 80 टक्क्यांचा व्हॉल्व्ह. द्रव गॅस तापला की फुगतो, म्हणून वर पाचवा हिस्सा रिकामा लागतो. व्हॉल्व्ह तिथे आपोआप भरणं थांबवतो. काही जण ॲडॅप्टर जोडून साधी बदलायची बाटलीच पंपावर भरतात. त्या बाटलीत हा व्हॉल्व्ह नसतो. थंड सकाळी गच्च भरलेली बाटली दुपारी सेव्हिलच्या उन्हात काय करेल, याचा विचार करा. आणि ती बाटली तुमची नसतेच, कंपनीची असते.

आम्ही 6 किलोच्या दोन पोलादी बाटल्या घेतल्या. सगळे 11 अधिक 6 घ्या म्हणतात. आमच्या लॉकरची उंची कमी, हे एक कारण. खरं कारण असं की बाटलीवरच्या काट्यावर माझा काडीचा विश्वास नाही. तो भरलेली दाखवतो, भरलेली दाखवतो आणि एकदम शून्यावर येतो. दोन सारख्या बाटल्या असल्या की एकच उघडी ठेवायची. ती संपली, दुसरी उघडली, म्हणजे पुढचा पंप शोधायची वेळ झाली. काटा बघायलाच नको. गाडीखाली बसवायची टाकीही मिळते, वर्षभर गाडीत राहणाऱ्यांना ती ठीक. बसवण्यासकट आम्हाला पाचशे पौंडांच्या आत-बाहेर पडले. बदलून घेतलेल्या बाटलीतला गॅस आम्हाला किलोमागे पंपाच्या दुपटीहून महाग पडत होता, तरी हे पैसे वसूल व्हायला दोन-तीन मोठे प्रवास लागतील. उन्हाळ्यात चार शनिवार-रविवार विजेची जोडणी असलेल्या कॅम्पसाइटवर जाणार असाल तर हे काहीही घेऊ नका. लाल बाटली पुरे.

बसवून आणल्यावर गाडी दारात उभी होती. सासूबाई तेव्हा सांगलीहून आल्या होत्या, प्रवासातही बरोबर होत्या. त्यांनी लॉकरचं दार उघडलं, वाकल्या आणि म्हणाल्या, "अगं, वास येतोय."

मला काही येत नव्हता. बसवणाऱ्याने तपासून दिलंय, कागदावर सही आहे, असं मी म्हटलं. "कागद राहू दे. फेस लावून बघ की."

वाटीत भांड्यांचा साबण फेसून आणला, ब्रशने एकेका नटावर लावला. तिसऱ्या नटावर, जिथे नळी बाटलीला जोडते तिथे, मोहरीएवढा बुडबुडा आला, फुगून वाटाण्याएवढा झाला, फुटला, आणि त्याच जागी दुसरा. आईंनी काहीही न बोलता माझ्याकडे पाहिलं. बसवणारे दुसऱ्या दिवशी येऊन नट आवळून गेले. हे काम एलपीजीचा परवाना असलेल्या, गॅस सेफ (ब्रिटनमधली गॅस कारागिरांची नोंदणी) यादीतल्या माणसाकडूनच करून घ्या, पण घरी आणल्यावर फेस तुम्हीही लावा. लॉकरच्या तळाला एक भोक असतं, ते कधीही झाकू नका. प्रोपेन हवेच्या दीडपट जड, गळला तर खाली साचतो आणि त्याच भोकातून बाहेर जातो. आम्ही तिथे बुटांची पिशवी ठेवत होतो! गॅसचा अलार्मही याच कारणाने जमिनीलगत लावायचा.

प्रवास असा झाला: सांतांदेर, बुर्गोस (हो, मुद्दामच), सालामांका, तिथून रुता दे ला प्लाता या उत्तर-दक्षिण जुन्या मार्गाने कासेरेस, मेरिदा, सेव्हिल, मग ग्वादियाना नदीवरच्या पुलावरून पोर्तुगालात ताविरा, एव्होरा, आणि परत येताना बोर्दोवरून फ्रान्स. एकूण 38 दिवस. मेरिदाचं रोमन नाट्यगृह आणि ताविराच्या मिठागरातले फ्लेमिंगो यांच्याबद्दल लिहायला लागले तर गॅस राहील बाजूला.

पंपाच्या बंदुकीचं तोंड देशागणिक वेगळं असतं, आणि त्यासाठी ॲडॅप्टर लागतात. इंग्लंडात बायोनेट, म्हणजे घालून पिळायचं. स्पेनमध्ये युरो नावाचं लहान तोंड. फ्रान्स-इटलीत डिश, म्हणजे बशीसारखं. जर्मनी, बेल्जियम, आयर्लंडमध्ये ॲक्मे, जाड आट्यांचं. पोर्तुगालात डिश आणि युरो दोन्ही दिसतात. तिन्ही ॲडॅप्टर बरोबर ठेवा, बोटभर पितळेचे तुकडे आहेत ते.

भरायची रीत अशी. पंपावर वळण्याआधीच फ्रिज गॅसवरून बंद करा. गॅस, बॅटरी आणि वीज अशा तीन प्रकारे चालणाऱ्या फ्रिजच्या मागे ज्योत पेटलेली असते आणि आपण ती विसरलेलो असतो. हीटरही बंद. इंजिन बंद. दोन्ही बाटल्यांचे व्हॉल्व्ह उघडा. ॲडॅप्टर हातानेच घट्ट फिरवा, पान्हा नको. हातमोजे घाला, बंदूक सुटताना फस्स करून पांढरा ढग येतो आणि तो कातडी भाजण्याइतका थंड असतो. मग पंपावरचं बटण दाबून धरायचं. सोडलं की पंप थांबतो. पहिल्यांदा मी दोनदा सोडलं आणि पंप बिघडला म्हणून नवऱ्यावर ओरडले. शेवटी आकडा रेंगाळतो, पंपाचा आवाज बदलतो, खट् होऊन थांबतो. तो झाला 80 टक्के. त्यापुढे पाव लिटरसाठी बटण रेटू नका.

मेरिदाच्या अलीकडे एका पंपावर 14 लिटर भरले, पैसे दिले, निघालो. चाळीसेक किलोमीटरवर कॉफीला थांबलो आणि टोपणाचं झाकण लटकताना दिसलं. आत ॲडॅप्टर नाही. तो बंदुकीतच अडकून राहिला होता, आणि आम्ही बंदूक जागेवर ठेवून आलो होतो. परत गेलो. पंपावरच्या बाईंनी गल्ल्याच्या ड्रॉवरमधून काढून दिला. त्याच ड्रॉवरमध्ये आणखी दोन होते. तेव्हापासून तिन्ही ॲडॅप्टरना लाल नाडा बांधून तो किल्लीच्या कड्यात अडकवलाय, म्हणजे किल्ली लावायला गेलं की नाड्याची आठवण येते.

आता खप. वहीत रोज लिहून ठेवला होता. आमचा हीटर ताशी 160 ते 320 ग्रॅम खातो. बुर्गोससारख्या रात्री हीटर, गरम पाणी, फ्रिज आणि स्वयंपाक धरून दिवसाला पावणेदोन किलोपर्यंत गेला. ताविराला हीटर न लावता 600 ग्रॅमच्या आसपास. यातले निदान दीडशे ग्रॅम आईंच्या चपात्यांचे. इंग्रजांचे खपाचे तक्ते बघून चालू नका. ते संध्याकाळी डबाबंद जेवणाचा एक कॅन गरम करतात. आपल्याकडे कुकर, फोडणी, चपात्या आणि वर दोनदा चहा. आमच्या 12 किलोत थंडीतले सात दिवस किंवा उबेतले वीस दिवस निघतात. पाचदा मिळून 70 लिटरच्या आसपास भरला, लिटरला साधारण एक युरो धरा.

दक्षिणेतल्या पंपावर एक सावधगिरी. तिथल्या ऑटोगॅसमध्ये ब्यूटेनचं प्रमाण जास्त असू शकतं. वापरताना प्रोपेन आधी उडतो आणि तळाला ब्यूटेन उरतो. समुद्रकाठी फरक पडत नाही, पण तीच बाटली घेऊन परतीला पुन्हा बुर्गोसच्या पठारावर चढलात तर आमची गेल्या वर्षीची पहाट तुमच्याही नशिबी. वर चढण्याआधी बाटली होईल तितकी रिकामी करून उत्तरेकडच्या पंपावर भरा. काही पंपांवर बाटल्या भरायला मनाई असल्याच्या पाट्याही दिसतात. वाद न घालता पुढचा पंप शोधा. म्हणून निम्म्यावर आलं, म्हणजे एक बाटली संपली, की भरा. बोटीवर चढण्याआधी बाटल्यांचे व्हॉल्व्ह बंद लागतात. चालत्या गाडीत हीटर लावायचा असेल तर धक्का बसल्यास गॅस तोडणारा रेग्युलेटर हवा. गाडी 2004 च्या आधीची असेल तर रेग्युलेटर 30 मिलिबार दाबाचा आहे का ते बसवणाऱ्याला आधी विचारा.

पुण्या-मुंबईचे मित्र विचारतात, आपल्याकडच्या कॅराव्हॅनमध्ये हे जमेल का. महाराष्ट्राने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं खरं, पण घरगुती सिलिंडर ऑटो एलपीजीच्या पंपावर भरणं बेकायदा आहे. 5 किलोचा छोटा सिलिंडर बदलून घ्या आणि त्यावरची तपासणीच्या मुदतीची खूण (ए, बी, सी, डी म्हणजे तिमाही, पुढे वर्ष) बघून घ्या.

एव्होराला एका रात्री पहिली बाटली संपत आली असं मला वाटत होतं, नवरा म्हणत होता अजून बरीच आहे. काटा अर्थातच भरलेली दाखवत होता. आईंनी ओलं फडकं घेतलं, बाटलीवर वरून खाली फिरवलं आणि टॉर्च धरायला सांगितला. वरचा भाग लगेच सुकला. खाली तळापासून चार बोटं ओल तशीच राहिली, सरळ रेषेत कापल्यासारखी.

"एवढा आहे," त्या म्हणाल्या. "उद्याच्या चपात्या होतील. परवाचं बघा."

परवा सकाळी चहा उकळतानाच ती संपली.