मैत्रिणींनी गल्लीत फुटबॉल लावायचा तर

तेहरानच्या आझादी स्टेडियममध्ये 20 जून 2018 ला फुटबॉल वर्ल्ड कपचा इराण-स्पेन सामना पडद्यावर दाखवला, तेव्हा कित्येक वर्षांनी बायका तिथे बसल्या. आपल्याकडे तेव्हाच्या इराणसारखी बायकांना स्टेडियमबंदी नाही, पण बेळगावात शहापूर-वडगावच्या गल्लीत रात्री मॅच बघणाऱ्या बाया अजून कमीच. म्हणून मॅचच्या रात्रीची तयारी बायकांनीच हातात घ्यावी.

जागा मंडळाचा हॉल किंवा ओळखीच्या घराची पडवी. जून-जुलैत बेळगावचा पाऊस उघड्यावर बसू देत नाही. आठ फूट रुंद पांढरी चादर चारही बाजूंनी ताणून बांधा. सुरकुती राहिली की चेंडू तिथेच गायब होतो! साध्या प्रोजेक्टरला एवढ्या चित्रासाठी साधारण बारा फूट अंतर लागतं. आवाज ब्लूटूथने देऊ नका, तो चित्राच्या मागे पडतो. ऑक्सची वायर घ्या. लाईट गेली तर इन्व्हर्टरवर प्रोजेक्टर आणि राउटर, दोन्ही हवेत. राउटर हमखास विसरतो.

2026 च्या वर्ल्ड कपचे सामने अमेरिका, कॅनडा, मेक्सिकोत, म्हणजे आपल्याकडे बहुतेक रात्री उशिरा नाहीतर पहाटे. रात्री दहानंतर लाऊडस्पीकरला मनाई आहे, तेव्हा बंद हॉल, लहान स्पीकर.

सगळ्यात महत्त्वाचं परतणं. कोण कुणाबरोबर जाणार हे सुरुवातीलाच ठरवा, एक्स्ट्रा टाइम आणि पेनल्टी धरून तासभर जास्त धरा, रिक्षावाले मामा आधीच सांगून ठेवा. सासूबाईंनाही बोलवा, पुढची खुर्ची त्यांची. हाफ टाइम पंधरा मिनिटांचा, तेवढ्यात चहा आणि भडंग; कांदा मात्र आयत्या वेळी घाला, नाहीतर चिरमुरे मऊ पडतात.