यंदा दसरा 18 दिवस उशिरा

सोमवार, 24 ऑगस्ट 2026

सकाळी कानबाई, आमची खानदेशातली देवी, विसर्जनाला बोरी नदीवर गेली. पुढे डफ, मागे बायका, गल्लीभर गुलाल. ओट्यावरून हात जोडले आणि नजर आपोआप हारांकडेच गेली. रात्रभराचं जागरण होऊनही निशिगंध तसाच टवटवीत होता. मधला झेंडू तेवढा कडेने काळवंडला होता. पावसाळी झेंडूचं असंच होतं, सकाळी ओला तोडावा लागतो.

नागपंचमीनंतरचा रविवार कानबाईचा, म्हणजे आमच्याकडे शनिवारपासून घर नुसतं फुलांचं. निशिगंध उजाडायच्या आत तोडून आणला, ओल्या गोणपाटावर पसरला. मग सासूबाई, जाऊबाई आणि मी, तिघी सुई-दोरा घेऊन बसलो ते रात्री दीडपर्यंत. निशिगंधाची कळी देठाकडून ओवायची, तोंडाकडून सुई घातली तर ती चिरते आणि दोन तासांत तपकिरी पडते. हे मला लग्नानंतर सासूबाईंनी शिकवलं. त्यांना आता सुईत दोरा ओवता येत नाही, मी ओवून देते. पण पुढचा सगळा हार त्या न बघता, बोटांनीच करतात. कळी मऊ लागली की बाजूला टाकतात, आणि बाजूला टाकलेली प्रत्येक कळी खरंच डागी निघते.

पलीकडच्या गल्लीतल्या आजी शनिवारी दोनदा येऊन सांगून गेल्या, "मन्ही कानबाईना हार मोठा कर वं माय, औंदा पोऱ्या येल शे." मुलगा सुरतेला असतो. चार वर्षांनी आला. नारळाच्या देवीला नथ, डोळे, पदर सगळं सजवून झाल्यावर आजींनी मलाच हार घालायला लावला. त्या हाराचे पैसे घ्यायला माझा हात पुढे झाला नाही.

आज दुपारी झेंडूच्या वाफ्यांना पाणी दिलं. रोप लावून 9 दिवस झालेत, मुळं धरली आहेत. गेल्या वर्षी याच तारखेला गुडघ्याला लागेल एवढं झाड होतं. यंदा वीतभर. येणारा-जाणारा विचारतो, "ताई, औंदा उशीर झाला का?" उशीर नाही झाला. यंदा अधिक जेठ होता. गेल्या वर्षी दसरा 2 ऑक्टोबरला होता, यंदा 20 ऑक्टोबरला आहे. 18 दिवसांचा फरक. पंचांग अधिक महिना घालून मोकळं होतं, झाडाला मात्र तो कळत नाही. लावल्यापासून दोन महिन्यांनी त्याला फुलायचं असतं, म्हणून दसऱ्यापासून मागे मोजत यायचं. रोप लावल्यापासूनचे साठ-पासष्ट दिवस, त्याआधी बी टाकून रोप तयार होण्याचे पंचवीस. महिनाभराने शेंडा खुडायचा, म्हणजे फांद्या फुटतात आणि फुलं एकदम येतात. हे सगळं मी कालनिर्णयावर पेन्सिलीने लिहिते. आमच्या घरात ते भिंतीवर कमी आणि शेतात जास्त असतं.

गेल्या वर्षी हिशोब चुकला नव्हता, तरी सगळं गेलं. सप्टेंबरच्या शेवटी पाऊस थांबेना. झेंडूचं फूल दिसायला एक, पण त्यातली एकेक पाकळी म्हणजे एकेक लहान फूलच. अशी शेकड्यांनी दाटीने बसलेली. त्या दाटीत पाणी शिरलं की बाहेर निघत नाही. फूल जड होतं, मान टाकतं, आतून कुजतं. वरून मात्र चांगलं केशरी दिसतं, त्याचंच जास्त वाईट वाटतं. जळगावला नेलेला माल ओला म्हणून निम्म्या भावात गेला, आणि दसऱ्याच्या आदल्या दिवशी 9 कॅरेट फुलं आम्ही बांधावर ओतली. ह्यांनी रात्री जेवण केलं नाही. मी काही बोलले नाही, दुसऱ्या दिवशी पहाटे उरलेल्यातलं कोरडं फूल निवडायला बसले. दारोदारी तोरणं तर लागणारच होती.

पण अधिक महिन्याचं एक बरं आहे, आणि ते शेवंतीसाठी. शेवंती दिवस मोजत नाही, रात्र मोजते. रात्र मोठी व्हायला लागली की तिला कळ्या धरतात. त्यामुळे लवकर लावा की उशिरा, आमच्याकडची शेवंती थंडी पडता पडताच फुलते. गेल्या वर्षी लक्ष्मीपूजन ऑक्टोबरातच आलं आणि माझी शेवंती तेव्हा हिरव्या बोंडातच होती. लोकांना बाहेरून आलेली पांढरी शेवंती विकत घेऊन विकली. यंदा दिवाळी 8 नोव्हेंबरला आहे. पंचांग जणू तिच्यासाठी थांबलं आहे. लक्ष्मीच्या हारात माझ्याच वाफ्यातलं पिवळं फूल जाईल, या विचाराने आज दिवसभर हलकं वाटतंय.

त्यात एक गोष्ट आठवली. परवाच्या वर्षी विहिरींवरच्या पाण्याच्या मोटारी चोरीला जायला लागल्या म्हणून विहिरीजवळच्या खांबाला रात्रभर बल्ब ठेवला. सगळं शेत शेवंतीने पिवळं झालं, आणि खांबाखालचा दोन वाफ्यांएवढा गोल तेवढा हिरवाच राहिला. उंच, तजेलदार, एकही कळी नाही. रोग म्हणून औषध मारलं, खत दिलं. शेवटी सासूबाई संध्याकाळी तिथे उभ्या राहिल्या, वर बल्बाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "हिला रात्र होऊच देत नाही तुम्ही." बल्ब काढला, त्यानंतर कितीतरी दिवसांनी त्या वाफ्यांना कळ्या दिसल्या. दिवाळी कधीच होऊन गेली होती.

मोगऱ्याचं अजून लिहायचं राहिलंच. 45 अंशांच्या मे महिन्यात चार वाजता बॅटरी धरून कळ्या तोडतो, ते आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या दिवसांत लिहीन.

संध्याकाळी शेवंतीत फिरून आले. खांबावर बल्ब पुन्हा चढला होता, गावात परवा एक मोटार गेली म्हणून ह्यांनीच लावला असणार. वायर काढून घरी आणली. रात्री जेवताना त्यांना सांगितलं. ते काही बोलले नाहीत. उठले, खाट आणि चादर सायकलला बांधली आणि विहिरीवर झोपायला गेले.