स्तोत्र ११९: लामेद पाठ झालं, ९६ वचनं पूर्ण

बायबलमधल्या स्तोत्र ११९ चं लामेद बसलं. या स्तोत्राची कडवी आठ-आठ वचनांची, आणि प्रत्येकाला क्रमाने एका हिब्रू अक्षराचं नाव: आलेफ, बेथ असं. २२ पैकी १२ कडवी झाली, म्हणजे १७६ पैकी ९६ वचनं. पद्धत तीच: सकाळी नवं एक वचन मोठ्याने वाचायचं, मग न बघता म्हणायचं, आणि रात्री मागची दोन कडवी उजळायची. लिहून काढणं या वेळी फारसं झालं नाही.

घोळ झाला तो ८३ आणि ९३ मध्ये. दोन्हीकडे ‘विसरत नाही’ हाच भाव, पण ८३ मध्ये ‘नियम’ आहेत आणि ९३ मध्ये ‘विधी’. चार दिवस मी ९३ ला ‘नियम’च म्हणत होते. ज्यांनी हे स्तोत्र धरलंय त्यांना ठाऊक आहे, वचन, आज्ञा, निर्बंध, निर्णय, विधी हे शब्द सारखे आलटून पालटून येतात आणि जीभ सवयीचा शब्द पुढे करते. नुसतं घोकून सुटलं नाही. ८३ मध्ये धुरात टांगलेला चामड्याचा बुधला आहे, सुकलेला, सुरकुतलेला. तो डोळ्यांसमोर आणून ‘नियम’ म्हटलं. ९३ मध्ये कारण दिलंय: त्यांच्याच योगे तू मला जिवंत केलंस. ‘जिवंत’ला ‘विधी’ जोडला, दोघांतला ‘व’ धरून. तेव्हापासून चूक नाही.

खरी गोष्ट मात्र सांध्यावर सापडली. मी कडवं कडवं वेगळं पाठ करते, त्यामुळे ८८ संपलं की गाडी थांबायची. म्हणून ८१ ते ९६ सलग म्हणायला घेतलं. काफमध्ये, म्हणजे लामेदच्या आधीच्या कडव्यात, स्तोत्रकर्त्याचे डोळे शिणलेत, छळणारे मागे लागलेत, ८७ मध्ये तर त्यांनी त्याला पृथ्वीवरून जवळजवळ नाहीसंच केलंय. आणि ८९ उघडतं ते थेट स्वर्गात, परमेश्वराचं वचन सर्वकाळ स्थिर आहे तिथे. शत्रू गेलेले नाहीत, ९५ मध्ये ते पुन्हा टपून आहेतच. पण मध्ये ९२ आहे: तुझ्या नियमशास्त्रात मला आनंद नसता, तर मी दुःखात केव्हाच संपलो असतो. इतकी वर्षं हे वचन सुटं वाचलं होतं. ८७ च्या पाठोपाठ म्हटलं तेव्हा आवाज भरून आला, आणि त्या दिवशी पुढचं म्हणवलंच नाही.

८८ वर स्तोत्र बरोबर निम्मं होतं, हेही तेव्हाच लक्षात आलं.

तुम्ही कडव्याकडव्याने पाठ करत असाल तर मागच्या कडव्याची शेवटची दोन वचनं घेऊनच नवं सुरू करा. मी आता आलेफ-बेथपासूनचे सगळे सांधे पुन्हा धरते आहे. पुढचं कडवं, मेम, सोमवारपासून.