मागे राजवाडा लागेपर्यंत

जत्रेच्या नाटकात विनोदी नटाला एक काम असे असते, जे कोणत्याही संहितेत लिहिलेले नसते. अरण्याचा प्रवेश संपलेला असतो, राजवाड्याचा सुरू व्हायचा असतो आणि मागची मंडळी झाडे उचलून खांब उभे करण्याच्या खटपटीत असतात. तेवढ्या वेळात पुढचा पडदा पाडून, त्याच्यापुढे उरलेल्या दोन हातांच्या पट्टीत ज्याला सोडून देतात, तो मी. गोव्यातल्या फोंडा तालुक्यातील आमच्या गावापासून पेडण्यापर्यंतच्या देवळांपुढे माझे तीस-बत्तीस हंगाम या दोन हातांच्या पट्टीत गेले. खांब नीट बसले की कोणीतरी पडद्याला आतून दोनदा हिसका देई, मी चालू वाक्याला कशीबशी शेपटी लावून विंगेत पळे आणि राजेसाहेब प्रवेश करीत.

एका वर्षी हा हिसका येईचना. मागे बांबू मोडला होता, हे मला नंतर कळले. मी सुमारे वीस मिनिटे हरवलेल्या म्हशीचा शोध घेत उभा होतो. अखेर नाइलाजाने चटईवर पुढेच बसलेल्या एका आजोबांना ‘तुम्ही तरी पाहिलीत का?’ असे विचारले, तर त्यांनी उठून, आपली म्हैस खरोखरच परवापासून बेपत्ता असल्याचे शिंगांच्या वळणासह सांगितले. त्या रात्री पुत्रशोकाला म्हशीइतकी सहानुभूती मिळाली नाही आणि राजेसाहेबांनी माझ्याशी पुढच्या दोन जत्रा अबोला धरला.

आता वर्षाला पाच-सहा प्रयोग होतात. याची कारणे दोन असून, पैकी गुडघ्याविषयी अधिक लिहिण्यासारखे काही नाही. दुसरे कारण कायद्याचे आहे. ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 साली आले आणि त्यांनुसार रात्री 10 ते सकाळी 6 या वेळात उघड्यावर ध्वनिवर्धक लावता येत नाही. राज्य सरकारला सवलत देता येते, पण ती वर्षातून जास्तीत जास्त 15 दिवस आणि तीही मध्यरात्रीपर्यंतच. आमचे नाटक मुळात पालखी देवळात परतल्यावर, म्हणजे अकरा-साडेअकराला उभे राही आणि शेवटचा पडदा पडेपर्यंत कोंबडे आरवत. त्यामुळे नियमाप्रमाणे ते सुरू होण्यापूर्वीच संपायला हवे. कायद्याला मी नावे ठेवत नाही. देवळाशेजारच्या घरांतील मुलांना परीक्षेच्या आदल्या रात्री आमची वाक्ये पाठ होत असत, हे मी जाणतो. मंडळ्यांनी प्रयोग संध्याकाळवर आणले, काही सभागृहात गेले, आणि कार्तिकापासून वैशाखापर्यंत रात्रीची जागरणे करणारा माझ्यासारखा माणूस नऊ वाजता घरी जेवायला बसू लागला.

या बदलाचा पहिला साक्षीदार आमचा पोदेर, म्हणजे पाववाला. पूर्वी त्याच्या सायकलचा रबरी भोंगा वाजला की माझी निजायची वेळ झालेली असे. खोबरेल तेलाने अर्धवट पुसलेला रंग, एक भुवई अजून जागच्या जागी आणि हातात खाज्यांचा पुडा, अशा अवतारात मी त्याला कित्येकदा घराच्या पायरीवर भेटलो आहे. त्याने कधी काही विचारले नाही. मुकाट्याने उंडे, म्हणजे गोल पाव, मोजून दिले. आता मी दोन्ही भुवया धुऊन सोप्यावर त्याची वाट पाहत बसतो. टोपलीवरचे निळे प्लास्टिक त्याने बाजूला केले की गरम वाफेबरोबर कोंड्याचा वास येतो, आणि कोंड्याची पोळी, म्हणजे कोंडा लावलेला पाव, हातात घेतली की बोटांना तिचे पीठ लागते. तीस वर्षे ही पोळी मी दुपारी दोन वाजता उठून खाल्ली आणि ती चामट असते असे लोकांना सांगत फिरलो, याची मला लाज वाटते.

याला कोणी ‘सुशेगाद’ म्हटले की मात्र माझे डोके फिरते. मूळ पोर्तुगीज शब्दाचा अर्थ शांत, निवांत एवढाच. पण पर्यटकांसाठीच्या जाहिरातींनी त्याचा अर्थ ‘काही न करणारा’ असा करून ठेवला आहे. मी काम करतो. आठवड्यातून दोन संध्याकाळी गावातील मुले कला अकादमीच्या मराठी नाट्यस्पर्धेची तालीम करायला सोप्यावर येतात आणि त्यांना मी बोलण्यापेक्षा थांबायला अधिक शिकवतो. एखाद्या मंडळीसाठी विनोदी प्रवेश लिहून देतो. पूर्वी असा प्रवेश टेम्पोत बसून, सिगारेटच्या पाकिटावर, बाणस्तारी ते म्हापसा एवढ्या अंतरात तयार होई. आता त्याला आठ दिवस लागतात. त्यांतील पाच दिवस मी चांगली वाक्ये काढून टाकण्यात घालवतो, कारण मागे कोणी खांब उभे करीत नसल्यामुळे वेळ भरून काढण्याची गरजच उरलेली नाही.

सर्वांत अवघड गेले ते हशाचे. देवळाच्या अंगणात हशा दोन हप्त्यांत येतो. आधी चटईवरचे लोक हसतात, मग खाज्यांच्या दुकानापाशी उभे असलेले; दुसरा हप्ता उतरू लागला की पुढचे वाक्य टाकायचे असते. त्याहून उशिरा कोणी हसले तर ते हसू पुढचे वाक्य खाऊन टाकते आणि हसलेच नाही तर वाक्य पडते. माझा सगळा हिशेब या चार-पाच सेकंदांचा होता. घरी तो चालत नाही. सुरुवातीला मी चहाच्या वेळी काही बोलून सवयीने थांबत असे, आणि पत्नी ‘अहो, कप द्या विसळायला,’ म्हणत असे. वर्षभर माझी अशी किती वाक्ये पडली, त्याची गणती नाही.

परवा सकाळी तिने गुडघ्याला तेल लावले का, असे विचारले. ‘लावले, पण मागे राजवाडा लागल्याशिवाय तो हलणार नाही म्हणतो,’ असे मी सांगितले. ती काहीच न बोलता आत गेली. मी पोळी संपवली, वर्तमानपत्र वाचले, लिहायला बसलो आणि एका हवालदाराच्या तोंडचे वाक्य तीनदा खोडले. साडेअकराच्या सुमारास ती मागच्या पडवीत आदोळीवर, म्हणजे विळीवर, बसून तिसऱ्या (खाण्याच्या शिंपल्या) फोडत होती. शिंपल्याचा सांधा पात्यावर टेकवायचा, किंचित दाबायचे, मांस असलेली शिंपली ताटलीत आणि रिकामी करवंटीत. त्या टक-टक आवाजाला एक लय असते आणि ती मला सोप्यावर ऐकू येते. मध्येच लय थांबली आणि ती एकटीच खो-खो हसली.

मी लेखणी खाली ठेवली. पण उठलो नाही.

‘राजवाडा म्हणे,’ असे ती हातातल्या तिसरीलाच सांगत होती. मग टक असा आवाज झाला आणि तिने पुढची उचलली.