उंदीर मारायचा कोणी?

उंदीर मारावा की मारू नये, यावर आमच्या घरात कधीच वाद झालेला नाही. वाद होतो तो कोणी मारायचा आणि कुठे, यावर. कडधान्याच्या डब्याचं झाकण कुरतडलेलं दिसलं, ठेवणीतल्या साडीच्या काठाला भोक पडलं, की भूतदयेवरची भाषणं आपोआप बंद होतात. सासूबाई एवढंच म्हणतात, "घरात नको." नवरा म्हणतो, "मी ऑफिसला गेल्यावर काय ते कर." मुलगी म्हणते, "मला सांगूच नका." म्हणजे उंदीर मरायला कोणाचीच हरकत नाही, हरकत आहे ती बघायला.

त्यात भाद्रपद असला तर विचारायलाच नको. पाटावर गणपती, त्याच्या पायाशी शाडूचा उंदीर, आणि ओट्याखाली खरा. सिद्धिविनायकाला गेलं की चांदीच्या उंदराच्या कानात आपली इच्छा सांगायला लोक रांग लावतात. त्यातल्या किती जणांची इच्छा 'आमच्या माळ्यावरचे तुझे भाऊबंद तेवढे आवर' अशी असेल, देव जाणे. सासूबाईंनी यावर पूर्वीच तोडगा काढलाय: विसर्जनापर्यंत पिंजरा लावायचा नाही. उंदराला बहुधा हे माहीत असतं. गौरीच्या फराळातल्या करंज्यांचे कोपरे तो बिनघोर खातो.

मला तर वाटतं, बाजारात उंदीर मारायची जी साधनं मिळतात ती उंदरासाठी नसतातच. ती आपल्यासाठी असतात. कोणतं साधन आपल्याला किती कमी दाखवतं, त्यावर त्याचा खप ठरतो.

जुना लाकडी चाप घ्या. पट्टीवर सुक्या खोबऱ्याचा भाजलेला तुकडा लावायचा, स्प्रिंग ताणायची, भिंतीला लागून ठेवायचा, कारण उंदीर खोलीच्या मधून कधी चालत नाही, भिंतीच्या कडेनं जातो. रात्री खाट्कन आवाज झाला की काम झालं. चाप दणकट असेल आणि मानेवर बसला, तर त्याला फारसं कळायच्या आत सगळं संपतं. माझ्या मते इतर उपायांच्या मानानं हा सगळ्यात कमी क्रूर. पण सकाळी तो उघडावा लागतो, म्हणून कोणाला नको असतो.

त्यापेक्षा औषध बरं, असं सगळे म्हणतात. विषाला औषध म्हणायची आपली पद्धत मोठी सोयीची आहे. दुकानदार ती रंगीत वडी पुढे सरकवत हमखास सांगतो, "खाऊन बाहेर जाऊन मरतो, ताई, घरात घाण नाही." हे त्याला उंदरानं सांगितलेलं नसतं. तो जिथे गळून पडतो तिथे मरतो, आणि ती जागा पुष्कळदा लाकडी कपाटाच्या मागे असते. मग आठवडाभर उदबत्त्या जाळत बसायचं. या वड्यांमध्ये बहुतेक वेळा ब्रोमॅडिओलोन असतं. ते रक्त गोठू देत नाही. उंदीर लगेच मरत नाही, काही दिवस आतल्या आत रक्तस्राव होत राहतो. तेवढ्या दिवसांत त्याला मांजरानं किंवा घुबडानं खाल्लं तर विष त्यांच्याही पोटात जातं.

याच जातीतलं जुनं औषध म्हणजे वॉर्फरिन. १९४८ मध्ये ते उंदरांसाठी बाजारात आलं आणि काही वर्षांतच माणसांना द्यायला लागले. आमच्या सासऱ्यांच्या हृदयाची झडप बदलल्यानंतर त्यांना रोज संध्याकाळी वॉर्फरिनची गोळी असायची. रक्त तपासून डोस अर्ध्या गोळीनं कमीजास्त करायचा. हे उंदरांच्या विषातलं आहे असं त्यांना कोणीतरी सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, "मग मी वेळेवर खातो त्याचं कौतुक करा. त्याला फसवून घालावं लागतं."

आणि तो ग्लू पॅड! पुस्तकासारखा उघडणारा पुठ्ठा, आत चिकट थर. याची जाहिरात 'विषारी नाही' अशी करतात. खरंच नाही. उंदीर त्यावर चिकटतो आणि जिवंत राहतो. तासन् तास ओरडतो, सुटायला धडपडतो, कातडी सोलवटते, तहानेनं किंवा दमून मरतो. कधी पाल चिकटते, कधी चिमणी. इंग्लंडनं सामान्य माणसाच्या वापरावर बंदी घालणारा कायदा २०२२ मध्ये केला. आपल्याकडे प्राण्याला विनाकारण यातना देऊ नयेत असं सांगणारा कायदा १९६० पासून आहे, पण पॅड कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात. बरं, उंदीर त्यावर चिकटला की पुढे काय? पाकिटावर लिहिलेलं असतं, 'घडी घालून फेकून द्या.' घडी कोणी घालायची, ते लिहिलेलं नसतं.

आमच्या मजल्यावरच्या बहुतेक घरांत त्याचं उत्तर एकच आहे: कामाच्या मावशी. त्या येईपर्यंत पॅडवर वर्तमानपत्र टाकून ठेवतात, आतून चीं चीं चाललेलं असतं, आणि घरातली माणसं टीव्हीचा आवाज वाढवतात. एकदा मावशींना विचारलं, तुम्हाला काही वाटत नाही का? त्या म्हणाल्या, "वाटून काय करू? तुमच्याकडं एक असतो, आमच्याकडं रात्री अंगावरून जातात."

मुंबईत तर हे काम पगारी आहे. महापालिकेच्या कीटकनाशक विभागाची माणसं रात्री काठी आणि बॅटरी घेऊन गल्ल्यांतून फिरतात. माणशी रात्रीला तीस उंदरांचा कोटा, आणि सकाळी मेलेले उंदीर मोजून द्यायचे. आपण झोपलेलो असताना कोणीतरी ही मोजणी करत असतं, हे आपल्याला वर्तमानपत्रात बातमी आली तरच आठवतं. मोजणीचीही गंमत आहे. २०१८ च्या मार्चमध्ये एकनाथ खडसे यांनी विधानसभेत सांगितलं की मंत्रालयात सात दिवसांत ३ लाख १९ हजार ४०० उंदीर मारल्याचं कागदावर दिसतंय. पुढे खुलासा झाला की हा आकडा उंदरांचा नाही, विषाच्या गोळ्यांचा आहे. गोळ्या तरी एवढ्या कोणी मोजल्या, हा प्रश्न उरतोच.

उंदीर नकोच, याबद्दल मात्र मी हळवी नाही. माझी आजी तिच्या आईचं सांगायची: घरात उंदीर मरून पडला की भांडीकुंडी उचलायची आणि शिवारात झोपडी बांधून राहायचं. १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात प्लेग आला, पुढच्या वर्षी पुण्यात. त्याच साथीत रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या. रँडच्या गोऱ्या सोजिरांनी घरं धुंडाळली, सामान जाळलं. पण उंदरावरच्या पिसवांतून प्लेग पसरतो हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरनं कराचीत शोधून काढलं ते १८९८ मध्ये. उंदीर पडला की घर सोडा, हे पणजीला कोणत्याही डॉक्टरविना कळलं होतं. आता प्लेगची भीती उरली नाही, पण २००५ च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोच्या तापानं किती माणसं नेली ते ज्यांच्या घरातली गेली त्यांना विचारा. पायाला चीर असताना उंदराच्या मुतानं दूषित झालेल्या पाण्यातून चाललं, एवढंच निमित्त पुरतं.

पिंजऱ्याचं राहिलंच. चाळीत असताना आमच्याकडे तारेचा पिंजरा होता, आत भजी लटकवायची. सापडलेला उंदीर पिंजऱ्यासकट पाण्याच्या बादलीत बुडवायचे. ते काम वरच्या मजल्यावरचे एक काका करत आणि आम्ही पोरं दाराआडून बघायचो. आता कोणी बुडवत नाही, आता सोडतात. आमच्या शेजारचे जैन काका पहाटे पिंजरा पिशवीत घालून पलीकडच्या सोसायटीच्या कुंपणाशी उघडून येतात. पलीकडच्या सोसायटीचे एक गृहस्थ त्यांचा पिंजरा आमच्या जनरेटरच्या खोलीमागे उघडतात, असं वॉचमन सांगतो. दोघांनाही पुण्य लागत असेल, उंदरांची फक्त अदलाबदल होते. आणि लांब मैदानात सोडला, तर घरात वाढलेल्या त्या जिवाला ना बीळ माहीत, ना खाणं. कावळे मात्र वाट बघत असतात. एकदा काकांच्या पिंजऱ्यात चिचुंद्री सापडली. ती तर उंदीरही नव्हे, झुरळं खाऊन आपलंच काम करते. काका म्हणाले, "ही लक्ष्मी आहे, हिला जिन्यातच सोडतो." सोडली.

मग खरा उपाय कोणता? भोकं बुजवणं. अगदीच कंटाळवाणा, म्हणून तो शेवटी आठवतो. घरातला छोटा उंदीर सहा मिलिमीटरच्या फटीतून येतो, म्हणजे जिथे पेन्सिल जाईल तिथे तो जाईल. सिंकच्या पाइपभोवतीची जागा, एसीच्या नळीचं भोक, गॅसच्या पाइपची फट, दाराखालचा प्रकाश दिसतो तो भाग. भांडी घासायची स्टीलची तार घट्ट कोंबायची आणि वरून सिमेंट. नुसतं सिमेंट ओलं असताना तो उकरून टाकतो. जुनी माणसं म्हणूनच त्यात काचा घालत. कापूर, पुदिन्याचं तेल, प्लगात लावायची आवाजाची यंत्रं यांवर मी पैसे घालवणार नाही. आणि रात्री कचऱ्याचा डबा उघडा, पिठाच्या डब्याला झाकण नाही, ओट्यावर खरकटं, असं असेल तर सिमेंटचाही उपयोग नाही.

आमचा गवंडी रविवारी येणार होता. सिंकखालचं भोक बघून मी त्याला विचारलं, आत पिल्लं असली तर? तीन आठवड्यांत एक वीण होते त्यांची, एकेका वेळी पाच-सहा. आपण वरून सिमेंट लावलं तर ती आत. एवढा वेळ बाजूला बसलेल्या सासूबाई म्हणाल्या, "ते नको हं." गवंड्यानं शांतपणे उपाय सांगितला: भोकात वर्तमानपत्राचा बोळा हलकासा कोंबून ठेवा. दोन-तीन रात्री हलला नाही तर आत कोणी नाही, मला बोलवा. हलला तर आधी चाप लावा.

बोळा रोज सकाळी सिंकखाली पडलेला असतो. चाप कोणी आणायचा यावर चर्चा चालू आहे. काल गवंड्याचा फोन आला, अजून किती दिवस. मी म्हटलं, थांब जरा.

"ताई," तो म्हणाला, "भाडं तरी देतोय का तो?"